कामाच्या गावी एकटीचे ताट

नोकरीच्या कामासाठी नाशिकला येणाऱ्या आणि कामाचे तास संपल्यावर खोलीत बसून राहणाऱ्या वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांपैकी दोन पत्रे आणि याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडणारे नाशिकच्याच एका खानावळचालकांचे पत्र या अंकात घेतले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी परभणीची असून एका खासगी कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात काम करते. वर्षातून तीन वेळा सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याचे हिशेब तपासण्यासाठी मला दहा-बारा दिवस नाशिकला मुक्काम करावा लागतो. आतापर्यंत पाच खेपा झाल्या. परंतु कारखाना, त्र्यंबक नाक्याजवळचे लॉज आणि त्या दोहोंमधला रस्ता यापलीकडे मी नाशिक पाहिलेले नाही. संध्याकाळी सहाला सुटले की खोलीवर येते, दार लावून घेते आणि जेवण वरच मागवते. मागच्या खेपेला धीर करून एका मोठ्या हॉटेलात गेले, तर वेटरने ‘किती जण?’ असे विचारल्यावर ‘एकटीच’ हा शब्द तोंडातून निघेना. भोवताली सगळी कुटुंबे बसली होती. मागवलेली भाजी दोघांना पुरेल एवढी आली. निम्मी तशीच टाकून उठले. घरी हा विषय काढला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘कामाला गेलीस ना, मग काम करावे आणि परत यावे.’ ताई, बाईमाणसाने परगावी एकटीने फिरणे आणि हॉटेलात जेवणे खरोखरच विचित्र दिसते का? दिसत नसेल, तर कामाचे तास सांभाळून मी काय पाहावे आणि कुठे, काय खावे?
एक वाचक, परभणी

उत्तर : विचित्र दिसत नाही. केवळ तुमची समजूत घालावी म्हणून मी हे लिहीत नाही. एका बँकेच्या तपासणी विभागात माझी सत्तावीस वर्षे गेली आणि त्या काळातील रात्रीची कितीतरी जेवणे मी परगावी, एकटीने जेवले आहे. पहिल्याच वर्षी एका शहरातल्या हॉटेलात मी शिरले, तेव्हा पुढची चार टेबले रिकामी असूनही मला हात धुण्याच्या बेसिनशेजारी बसवण्यात आले. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या ताटाजवळ हात झटकत होता. मी भिंतीकडे तोंड करून कसेबसे जेवले आणि मागवलेला दहीभात न खाताच उठले. त्या रात्री मला वाटले की, चूक माझी आहे, एकटीने यायलाच नको होते. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्याच हॉटेलात साडेसातला, म्हणजे कुटुंबांची गर्दी व्हायच्या तासभर आधी गेले आणि वेटरने काही विचारण्यापूर्वीच ‘मी एकटी आहे, मला ते खिडकीजवळचे टेबल हवे’ असे सांगितले. त्याने काही न बोलता पाण्याचा ग्लास तिकडे नेऊन ठेवला. हा एवढासा प्रसंग मला पुढे निवृत्तीपर्यंत पुरला. म्हणून तुम्हालाही सुचवते की, ‘किती जण?’ या प्रश्नाची वाट पाहू नका. आत पाऊल टाकताच आपण किती आहोत आणि कुठे बसणार आहोत, हे आपणच सांगावे.

आता त्या निम्म्या टाकलेल्या भाजीविषयी. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ हीच आहे. आपल्याकडे बाहेर मिळणाऱ्या जेवणाचे दोन प्रकार आहेत. एक कढईतून वाटीत येणारे, ज्याचे माप मुळातच दोघा-तिघांसाठी ठरलेले असते. मोठ्या हॉटेलातल्या पनीरच्या, काजूच्या, मिक्स व्हेजच्या भाज्या या सगळ्या त्या प्रकारातल्या. दुसरे ताटातून येणारे, म्हणजे मिसळ, थाळी, राइस प्लेट, पिठले-भाकरी, साबुदाणा वडा, डोसा. हे अन्न पहिल्यापासून एका माणसासाठीच वाढलेले असते आणि ते मागवणाऱ्याला कोणी सोबत आहे की नाही, हा प्रश्न त्या ताटासमोर उद्भवतच नाही. त्या रात्री तुम्हाला एकटेपणा टोचला, असे तुम्ही लिहिता. मला वाटते, निम्म्याहून अधिक टोचणी त्या भाजीच्या मापाची होती. पंजाबी भाजी खावीशीच वाटली, तर ‘हाफ मिळेल का’ असे निःसंकोच विचारावे. पुष्कळ ठिकाणी मिळते. परंतु नाशिकमध्ये असताना तो आग्रह धरण्याचे कारणच नाही, कारण हे शहर एकट्याच्या ताटाच्या बाबतीत श्रीमंत आहे.

मिसळीपासूनच सुरुवात करा आणि तीही सकाळी. नाशिकमध्ये मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. दुपार उलटली की तिची खरी वेळ गेली. सातपूरपासून जवळच बारदान फाट्याच्या बाजूला साधना या ठिकाणी चुलीवरची मिसळ मिळते. रविवारी तेथे सहकुटुंब येणाऱ्यांची गर्दी असते, तो दिवस टाळून कामाच्या दिवशी लवकर गेलात, तर निवांत बसता येईल. कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत गावभर मिसळीची इतरही अनेक दुकाने आहेत आणि प्रत्येक नाशिककर आपल्याच दुकानाची बाजू घेतो, तेव्हा तुमच्या कारखान्यातल्या चार जणांना विचारल्यास चार पत्ते मिळतील. चारही ठिकाणी जाऊन पाहावे, एवढे दिवस तुमच्याजवळ आहेत.

ताट समोर आल्यावर मात्र घाई करू नका. मटकीची उसळ आणि वर शेव-फरसाण, शेजारी वाटीत रस्सा, बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड, दह्याची वाटी, भाजलेला पापड आणि पावाची जोडी, असा तो सगळा सरंजाम असतो. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळा मसाला यांमुळे नाशिकच्या रश्श्याचा रंग गडद होतो आणि त्याला एक भाजका, किंचित धुरकट वास असतो. आधी दोनच चमचे रस्सा घालून चव पाहावी, तिखट सोसत असेल तर पुढे वाढवावा, नाहीतर दह्याचा आधार घ्यावा. रस्सा संपला की पुन्हा मागता येतो. मागच्या आठवड्यात मी गेले होते, तेव्हा माझ्या समोरच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्राची चौघडी करून ती पाण्याच्या जगला टेकवून वाचत होते. त्यांनी पापड चुरून रश्श्यात टाकला, लिंबू पिळले, बी चमच्याच्या टोकाने अलगद बाजूला काढले आणि शेवटचा पाव संपेपर्यंत मान वर केली नाही. एकट्याने खाण्यात किती स्वस्थता असू शकते, हे पाहायचे असेल तर अशा वेळी मिसळीच्या दुकानात बसावे.

सकाळचा मी इतका आग्रह धरते, त्याला आणखी एक कारण आहे. कामासाठी आलेला माणूस संध्याकाळची वाट पाहतो, पण सहा वाजता सुटल्यावर अंगात त्राण नसते आणि पाहण्याजोग्या निम्म्या जागा मिटलेल्या असतात. तुमचे काम साडेनऊला सुरू होत असेल, तर साडेसहापासूनचे तीन तास पूर्णपणे तुमचे आहेत. बारा दिवसांतल्या चार सकाळी जरी अशा काढल्यात, तरी पुष्कळ होईल.

संध्याकाळी मी एकच ठिकाण सुचवीन आणि ते म्हणजे गोदावरीचा घाट. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ असे कोणी म्हणाले, तर ती बाई काशीला निघालेली नसते. रिक्षाने रविवार कारंजापर्यंत यावे, भाडे बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे, आणि तेथून पुढे चालावे. उतारावर अहिल्याबाई होळकर पुलाच्या तोंडाशी १७५६ मध्ये बांधलेले सुंदरनारायणाचे मंदिर आहे. पूल ओलांडला की आपण पंचवटीत येतो आणि खाली रामकुंड दिसते. दिवेलागणीला तेथे गोदावरीची आरती होते. त्या वेळी पायऱ्यांवर कितीतरी माणसे एकटीच बसलेली असतात, पाण्याकडे पाहत, आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. प्रवाहाच्या दिशेने थोडे पुढे गेल्यावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती लागते. पावसाळ्यात पूर किती आला, हे नाशिककर याच मूर्तीवरून सांगतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, अशी बातमी गावभर फिरते. जवळच १७४७ मध्ये बांधलेले नारोशंकराचे मंदिर आहे. त्याच्या दर्शनी भागात टांगलेली मोठी घंटा ही मुळात पोर्तुगीज चर्चची असून, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर ती मराठ्यांनी इकडे आणली. तेथून वर चढून पाच-सात मिनिटे चालले की काळाराम मंदिर येते. काळ्या दगडातले हे देखणे मंदिर पाहताना २ मार्च १९३० या दिवसाची आठवण ठेवावी, कारण मंदिरप्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह त्या दिवशी येथे सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे कित्येक वर्षे चालवला. मी जेव्हा जेव्हा त्या दाराशी उभी राहते, तेव्हा आत सहज पाऊल टाकता येणे ही गोष्ट किती जणांनी किती सोसून मिळवली आहे, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

परतताना जुन्या गावातून, दहीपूल आणि भांडी बाजाराच्या बाजूने यावे. तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकाने उघडी असतात, शेजारी सराफ बाजार आहे, आणि रस्त्यावर माणसांची वर्दळ असल्याने एकटीने चालायला संकोच वाटत नाही. भूक बेताची असेल, तर सायंताराचा साबुदाणा वडा किंवा एखाद्या गाडीवरचा भेळभत्ता पुरेसा होतो. गोड हवे असेल, तर बुधा हलवाई यांची जिलेबी आहे. परभणीला नेण्यासाठी चिवडा घ्यायचा झाल्यास कोंडाजीचे नाव कोणीही सांगेल. तुमच्या मुक्कामात बुधवार येतोच. त्या दिवशी गंगेवर आठवडे बाजार भरतो आणि शेताच्या बांधावरून थेट आलेली भाजी पाहण्यासाठी तरी जावे. सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे घाटावर आणि शहरातल्या रस्त्यांवर कामे काढलेली असू शकतात, तेव्हा चपलेऐवजी बूट घालून जाणे बरे.

ज्या संध्याकाळी पाय दुखत असतील, त्या संध्याकाळसाठी दोन जागा ध्यानात ठेवा. सार्वजनिक वाचनालय नाशिक ही संस्था १८४० पासून चालत आली आहे. गंगापूर रोडच्या बाजूला कुसुमाग्रज स्मारक आहे. तेथे व्याख्याने आणि कवितेचे कार्यक्रम होत असतात. मे महिन्यात आलात, तर गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला चालू असते. सभागृहात एकट्याने येणे हीच रीत असल्यामुळे शेजारची खुर्ची रिकामी आहे, हे तेथे जाणवतही नाही.

तुमच्या व्यवसायामुळे एक जागा मात्र मी मुद्दाम सांगते आणि ती तुम्ही चुकवू नये, असे मनापासून वाटते. मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. ही चोवीस बौद्ध लेणी आहेत. नावात पांडव असले, तरी पांडवांशी त्यांचा संबंध नाही. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि तेथून पायऱ्यांची पंधरा-वीस मिनिटांची चढण आहे. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दान दिलेले. त्याच्या दर्शनी भागात संपूर्ण ओसरी खांद्यावर पेलून धरल्यासारखे सहा यक्ष कोरलेले आहेत. तुम्ही मात्र दहाव्या लेण्यापाशी थांबा. क्षत्रप म्हणजे शक राज्यकर्ता नहपान याचा जावई उषवदात याने ते खोदवून घेतले आणि ओसरीच्या भिंतीवर, छताखाली, ब्राह्मी लिपीत आपल्या देणगीचा हिशेब कोरून ठेवला. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, गुंतवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आता ताळा करून पाहा : दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बाराप्रमाणे दोनशे चाळीस. एक पै इकडची तिकडे नाही. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही त्याच लेखात म्हटले आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही ठेवपावती आहे आणि गोवर्धन हे नाव आजही गंगापूर रोडवरच्या गावाला आहे. मी पहिल्यांदा तेथे गेले, ती तपासणीच्या अशाच एका मुक्कामात, एकटीच. बरोबर कोणी असते, तर मी त्या भिंतीखाली पाऊण तास उभी राहिले नसते.

लेण्यांसाठी सुटीची सकाळ निवडा. संध्याकाळी प्रवेश लवकर बंद होतो आणि उन्हे उतरल्यावर डोंगरावर एकटीने थांबू नये. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात. घाटाच्या बाबतीतही एवढेच सांगेन की, शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नका, गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल त्या दिवशी पुलावरूनच पाहा आणि दुकाने मिटायच्या आधी परतीची रिक्षा धरा. दिवसा फिरण्यासाठी महापालिकेची सिटीलिंक बस सोयीची आहे. कुठे निघालात, ते बहिणीला किंवा मैत्रिणीला फोनवरून कळवत जा, लॉजचा पत्ता कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक ध्यानात असू द्या. ही काळजी मी नाशिकमध्ये राहूनही घेते. त्यात भिण्यासारखे काही नाही.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांच्या बोलण्यात राग आहे, असे मला पत्रावरून वाटत नाही. परगावी गेलेल्या सुनेची काळजी अशा शब्दांत बाहेर पडते. तुम्ही कामाचे तास चोख पाळता. त्यानंतरचे जेवण आणि चालणे ही कामात केलेली कसूर नव्हे. कंपनीच्या दैनिक भत्त्यातला खर्च आणि स्वतःच्या पदरचा खर्च यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा, हे तुम्हाला सांगायला नकोच. आणि या खेपेला घाटावर पोहोचलात की त्यांना फोन लावा, आरतीचा आवाज ऐकवा. पुढच्या खेपेला त्या तुमच्याबरोबर यायचे म्हणाल्या, तर मात्र कढईतली भाजी जरूर मागवा.

प्रश्न : मी लातूरचा आहे. वय ५८. छपाईच्या यंत्रांची देखभाल करतो. सोमवारी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत काम असल्याने शनिवारी रात्री नाशिकला पोहोचतो. रविवारच्या एका दिवसात त्र्यंबकेश्वर, वणीची सप्तशृंगी आणि पांडवलेणी असे तीनही करता येईल का? मी शाकाहारी असून मला मधुमेह आहे. एकट्याने अमर्याद थाळी घेणे महाग पडते आणि संपतही नाही.
एक वाचक, लातूर

उत्तर : करता येईल, परंतु दिवसभर बसच्या खिडकीतून धूळ पाहण्यापलीकडे हाती काही लागणार नाही. त्र्यंबक नाशिकच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर आणि वणीचा गड उत्तरेला त्याच्या दुप्पट अंतरावर आहे. शिवाय रविवारी त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाची रांग काही तासांचीही होऊ शकते. मी तुमच्या जागी असते, तर या खेपेला एकच ठिकाण निवडले असते. दर्शनाचीच ओढ असेल, तर पहाटेच्या बसने त्र्यंबकला जा, कुशावर्त कुंड पाहा, ब्रह्मगिरी डोंगराकडे खालूनच दृष्टी टाका, दुपारपर्यंत परत या, तासभर झोपा आणि संध्याकाळ वरच्या उत्तरात सांगितलेल्या घाटासाठी ठेवा. मधुमेह असल्याने रांगेत उपाशी उभे राहू नये. खिशात फुटाणे, सोबत पाण्याची बाटली आणि औषधांची चिठ्ठी असावी.

गर्दी नकोशी वाटत असेल, तर सिन्नरला जा. तेथे यादवकालीन गोंदेश्वराचे मंदिर आहे. मधले मुख्य शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे, असे हे पंचायतन एका उंच जोत्यावर उभे आहे. त्र्यंबकच्या मानाने तेथे येणारे थोडे असतात, त्यामुळे भिंतीवरचे एकेक शिल्प सावकाश पाहता येते. एकट्या माणसाला अशा जागा अधिक देतात, असा माझा अनुभव आहे.

अमर्याद थाळीविषयी तुमचे म्हणणे पटते. त्याऐवजी राइस प्लेट मागवावी आणि भाताऐवजी एखादी पोळी जास्त द्या, असे सांगावे. किंवा पिठले, भाकरी, ठेचा आणि ताक असे साधे जेवण घ्यावे. गोडाची वाटी आधीच परत करावी, म्हणजे ती उष्टी होत नाही.

प्रश्न : मी नाशिकमध्ये छोटी खानावळ चालवतो. आठच टेबले आहेत. रात्री साडेआठनंतर एकटे गिऱ्हाईक आले की चौघांचे टेबल अडते आणि बाहेर कुटुंब ताटकळत राहते. एकट्यांना नाही म्हणणे जिवावर येते. काय करावे?
एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : तुम्ही हे विचारलेत, याबद्दल आधी तुमचे आभार मानते, बेसिनशेजारच्या त्या टेबलावर बसून मी हेच कोणीतरी विचारावे, अशी इच्छा करत होते. नाही म्हणू नका. एकटा माणूस पाऊण तास गप्पा मारत बसत नाही, तो वीस मिनिटांत उठतो. तुमच्याच गल्ल्यावरच्या वहीत आठवडाभर वेळा टिपून पाहा. परगावचा एकटा गिऱ्हाईक जेवण आवडले, तर मुक्काम संपेपर्यंत रोज त्याच दारी येतो, हेही ध्यानात घ्या.

जागेची अडचण खरी आहे, म्हणून भिंतीला लागून एक लांब, अरुंद फळी ठोकून घ्या आणि तिच्यापुढे चार स्टुले ठेवा. ती दारासमोर किंवा मोरीजवळ नको. पंखा आणि दिवा तिच्यावर असावा. तोवर गर्दीच्या वेळी दोन अनोळखी माणसांना एका टेबलावर बसवावेच लागले, तर दोघांनाही आधी विचारा, आणि बाई एकटी आली असेल, तर तिच्या समोर कोणाला बसवायचे का, हे तिच्याच मर्जीवर ठेवा. फलकावर ‘अर्धी भाजी मिळेल’ ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पोऱ्यांना सांगून ठेवा की, आत आलेल्या माणसाला ‘किती जण?’ याऐवजी ‘या, कुठे बसता?’ असे विचारायचे.